जोडीशिवाय पाण्यात उतरू नये

३ मार्च, सोमवार

बाई कुणाला म्हणायचं?

पोहायला येणाऱ्या मोठ्या ताईंनी आज काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून हा प्रश्न विचारला. तू शिकलेली आहेस, तूच सांग म्हणाल्या. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही समाजशास्त्रातली, गाऊनमधला फोटो भिंतीवर, आणि एवढ्या छोट्या प्रश्नावर मी पंख्याकडे बघत राहिले.

शुक्रवारपर्यंत उत्तर शोधून काढायचं. ठरलं.

प्रसंग असा. आमच्या पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर दुपारी बायकांची बॅच असते. मी तिथे काउंटरला. (कागदोपत्री 'काउंटर सहायक', पण काम बघता 'समन्वयक' जास्त योग्य.) आज एक उंच बाई आल्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. वर्षानुवर्षं मान खाली घालून पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा, नाहीतर मणक्याचं ऑपरेशन. सकाळच्या जनरल बॅचला जाऊन बघितलं होतं, तिथे सगळे पुरुषच. काय झालं ते सांगितलं नाही. तिकडे परत नको, एवढंच. मग खिडकीशी वाकून म्हणाल्या, मॅडम, जन्माच्या दाखल्यावर मी मुलगा होते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

मी जराही न कचरता पास दिला. आपण इतिहासाच्या योग्य बाजूला आहोत असं स्पष्ट जाणवलं. पास देताना बोटाला बोट लागलं. हात पुसला, पण तो घामामुळे.

मोठ्या ताई मागेच उभ्या होत्या.

४ मार्च, मंगळवार

लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. पहिलं म्हणतं, बाईवर जे लादलं गेलं ते तिच्या शरीरावरून लादलं गेलं, मग शरीर विसरायचं कसं? समासात लिहिलं: अगदी बरोबर. दुसरं म्हणतं, शरीरावरूनच बाई ठरवायची तर इतकी वर्षं आपण भांडलो कशाला? समासात लिहिलं: अगदी बरोबर. (पुस्तकं लायब्ररीची आहेत. खोडरबर शोधणे.)

आत्या म्हणाली, दोन्हीकडे मान डोलावशील तर लचक भरेल. आत्याला वैचारिक द्वंद्व हा प्रकार ठाऊक नाही.

७ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. पण प्रश्नच चुकीचा असू शकतो हे लक्षात आलं. मोठी प्रगती.

सोमवारी सगळ्यांची सभा घेते. चष्मेवालीला (बॅचमध्ये आता हेच नाव पडलंय) तोवर थांबायला सांगितलं. दुखऱ्या कमरेवर हात ठेवून उभी होती. हो म्हणाली.

१० मार्च, सोमवार

सभा तलावाच्या पायऱ्यांवर, ओल्या केसांनी झाली. सुरुवातीला मी नियम सांगितले: एका वेळी एकीनेच बोलायचं, आवाज चढवायचा नाही. दोन्ही लगेच मोडले.

मोठ्या ताई निवृत्त नर्स. दुपारची ही वेळ बायकांना मिळावी म्हणून एकेकाळी फाटकासमोर आडव्या पडल्या होत्या. म्हणाल्या, तिला 'ती' म्हणायला माझी ना नाही. रस्त्यात कुणी त्रास दिला तर पहिली चप्पल माझी निघेल. पण ही वेळ आम्ही मागितली ती या शरीरासाठी. पाळी, बाळंतपणं, टाके, लोकांच्या नजरा, हे सगळं घेऊन बिनधास्त उतरता यावं म्हणून. तू मनातून कोण आहेस, असं मला कुणी कधी विचारलं नाही बाई.

वकीलबाई उसळल्या. ताई, तिच्याकडे काय लोक हार घेऊन बघतात का? त्याच नजरा तिलाही. दुकानात बाईचा पगार, रस्त्यात बाईचे धक्के, आणि पोहायची वेळ आली की दाखला काढ? उद्या गर्भपिशवी काढलेलीला विचाराल, तू अजून बाई आहेस का म्हणून! ताई म्हणाल्या, माझी काढलीय, विचार की. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तटस्थपणे.

मग निळी टोपी बोलली. ही कधी बोलत नाही. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेली. म्हणाली, तिचा दोष नाही हे मला पटतं. माझ्या अंगाला पटत नाही. कपडे बदलताना जाड आवाज कानावर आला की माझे हात थरथरतात.

वकीलबाई हळूच म्हणाल्या, आणि तिचे हात थरथरतात, तिने कुठे बदलायचे कपडे?

पाणी पायरीवर आपटत होतं, तेवढंच.

समारोप मी केला. चर्चा अत्यंत सकारात्मक झाली असं सांगितलं. तोवर निम्म्या निघून गेल्या होत्या.

११ मार्च, मंगळवार

सापडलं! उत्तर आमच्या नियमातच आहे.

आमच्या बॅचमध्ये जोडीशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. पूर्वी एकदा गप्पांच्या नादात एक मुलगी तळाशी गेली आणि कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून ताईंनी घालून दिलेली शिस्त. लाइफगार्ड, म्हणजे शिट्टीवाली, मधूनच शिट्टी फुंकते. जिथे असाल तिथे जोडीदारणीचा हात धरून वर करायचा. सगळे हात जोडीने वर दिसले की पुन्हा पोहायचं. साहेबांची आई आली तरी सूट नाही.

म्हणजे बाई कोण हे ठरवायची गरजच उरत नाही. जिला जोडी मिळेल ती उतरेल. ना ताई हरल्या, ना वकीलबाई. मी कायद्याकडे जायला हवं होतं.

ताईंना सांगितलं. त्यांनी टोपीतलं पाणी पिळून काढलं. मग म्हणाल्या, कुणी तिचा हात धरत असेल तर मी आडवी येणार नाही. मला पटलेलं नाही, हे मात्र ऐकून ठेव.

१३ मार्च, गुरुवार

जोडी-शोध मोहीम. वकीलबाईंची जोडी त्यांची जाऊ. म्हणाल्या, तत्त्व म्हणून मी शंभर टक्के तिच्या बाजूने आहे, पण जावेला सोडलं तर घरात जेवण मिळायचं नाही. एकीचा डावा हात दुखतो. उजवा धरा म्हटलं तर तोही दुखायला लागला.

चष्मेवाली जाळीबाहेरच्या बाकावर बसून होती, मांडीवर पोहण्याची पिशवी. बॅच संपेपर्यंत. निघताना म्हणाली, मॅडम, तुमची जोडी नाही ना कुणी? मी म्हटलं, मला पोहायलाच येत नाही. ती म्हणाली, कमरेएवढ्या पाण्यात नुसत्या उभ्या राहा. शिट्टी झाली की हात तेवढा धरायचा. बॅच सुरू झाल्यावर काउंटर तर बंदच असतं.

मी म्हटलं, अहो, हे मला कसं सुचलं नाही! सोमवारपासून नक्की. आधी कॉस्च्यूम घ्यायला हवा.

घरी येताना फार हलकं वाटलं. क्रांती म्हणजे शेवटी कमरेएवढं पाणी.

१७ मार्च, सोमवार

कॉस्च्यूम घेतला. सैल झाला. बदलून आणणे.

ती बाकावर होती. लांबून हात केला. तिनेही केला.

१८ मार्च, मंगळवार

सर्दी. नाक चोंदलेलं असताना उतरणं हा तिचाही अपमान.

१९ मार्च, बुधवार

सर्दी बरी. पण एक मूलभूत मुद्दा लक्षात आला. कपडे बदलायची खोली एकच. मी तिच्याबरोबर तिथे... तसं काही नाही. मला स्वतःला काहीच वाटत नाही. निळ्या टोपीचा विचार करायला हवा, म्हणून म्हणते. कोपऱ्यात पडदा लावला तर प्रश्नच मिटला. बाबा सोफ्याच्या गाद्या शिवतात, त्यांना सांगितलं. आमच्या मॅडमचं काम म्हणून खुशीत शिवायला बसले.

ती बाकावर. आज पाठीमागे उशी घेतली होती.

२१ मार्च, शुक्रवार

पडदा लागला. सोफ्याची उरलेली मखमल, काळपट लाल, खाली झालर. बाबांनी मनापासून केलं. झालर पाणी प्यायली, पडदा फुगला आणि दांडीसकट एकीच्या डोक्यावर आला. शिट्टीवाली म्हणाली, आता नाटक कधी सुरू होणार? बॅचभर हशा.

ती बाकावरूनच विचारत होती, कुणाला लागलं का?

दांडी पक्की करून घेते. त्याशिवाय उतरण्यात अर्थ नाही.

२४ मार्च, सोमवार

दांडी पक्की झाली. आज मात्र पाळी आली.

मोठ्या ताई काउंटरवर आल्या. म्हणाल्या, मी तिला तोंडावर 'नाही' म्हटलं, तेव्हा ती दुसरा एखादा तलाव बघणार होती. तू तिला बाकावर बसवून ठेवलंस.

त्यांना तरुण पिढीची प्रक्रिया कळत नाही. प्रक्रिया म्हटली की वेळ लागतो.

२६ मार्च, बुधवार

आज ती आली नाही. जरा बरं वाटलं, म्हणजे तिच्यासाठी. तेवढाच पाठीला आराम.

२७ मार्च, गुरुवार

आली होती वाटतं. हिशेब जुळवताना पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. ती ओढते तशीच, अडखळत. वर बघितलं तर बाक रिकामं. पण बसायच्या जागी ओलं.

शिट्टीवालीला विचारलं, चष्मेवाली येऊन गेली का? म्हणाली, परवापासून दिसली नाही. मग बाक ओलं कशाने? ती म्हणाली, मॅडम, तलाव आहे.

तिचं म्हणणं तर्काला धरून आहे.

२८ मार्च, शुक्रवार

शिट्टी झाली. हात वर गेले, जोडीजोडीने, नेहमीसारखे. खोल बाजूला एक हात एकटाच होता.

मी खुर्चीतून उठले. तोवर शिट्टीवालीने पुन्हा पोहायची खूण केली होती. तिला विचारलं, त्या टोकाला कोण होतं? म्हणाली, त्या टोकाला आज कुणी गेलंच नाही. सगळे हात बरोबर होते.

पाण्यावर ऊन चमकतं. त्याने असं होतं. शास्त्रीय नाव शोधणे.

३१ मार्च, सोमवार

पुन्हा तो हात. मनगटापर्यंत वर, बोटं जराशी उघडी. कुणी धरेल म्हणून थांबल्यासारखी. बाकीचे हात खाली गेले तरी तो लगेच गेला नाही.

भरदुपार होती. बायका हसत होत्या, कुणी कुणाच्या सुनेचं सांगत होतं. माझ्या तळव्याला घाम सुटला.

बॅच संपल्यावर कपड्यांच्या खोलीची कडी लावायला गेले तर पडद्यामागे कुणीतरी उभं. उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले. म्हटलं, आवरा, कुलूप लावायचंय. झालरीतून पाणी ठिबकत होतं. पडदा बाजूला करायला हवा होता, ते माझं कामच आहे. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, आणि बाहेर येऊन बसले.

शिट्टीवालीने जाऊन पडदा सरकवला. म्हणाली, ओल्या मखमलीला पोक येतं. तिने मला पाणी दिलं. मी ते प्यायले नाही.

२ एप्रिल, बुधवार

जेवायला बसले तर आईने डाव्या हाताबद्दल विचारलं. मूठ का वळलीयस? मला माहीतच नव्हतं.

आत्या म्हणाली, तो तुझा पोहायचा कपडा रोज धुऊन वाळत घालतेस, तलावात भिजतो कधी तो? बाबा म्हणाले, तिच्या मागे कामं किती असतात, तू नको बोलूस. आत्या म्हणाली, मी कुठे बोलतेय, मी दोरीकडे बघतेय.

घरात बौद्धिक एकटेपणा जाणवतो.

बाक हलवण्याचा विचार केला. मग वाटलं, हलवलं तर ती कुठे बसेल? मग आठवलं की ती येतच नाही. मग बराच वेळ काही आठवलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

धाडसी पाऊल उचललं. तिच्या दुकानात गेले. ठरवून गेले होते की सरळ सांगायचं: सोमवारी या, मी पाण्यात आधीच उभी असेन.

ती काउंटरमागे काच घासत होती, कमरेला पट्टा बांधून, उंच स्टुलावर. मला बघून चटकन उठायला गेली आणि ओठ चावून परत बसली. मी म्हटलं, सहज आले. चष्मा सैल झालाय. तिने माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतला, कडा गरम करून वाकवल्या, कानामागे बोट फिरवून बघितलं. बोटं गार होती. मी हलले नाही, याची नोंद व्हावी.

मी विचारलं, पाठ कशी आहे? म्हणाली, ऑपरेशनची तारीख मिळाली. आता पोहून उपयोग नाही म्हणाले डॉक्टर, उशीर झाला. भीती वाटते हो, बहिणीला बोलावलंय, येते का बघू. मग उगाच हसली.

सोमवारचं मी बोललेच नाही. आता त्याचा तिला उपयोग नव्हता आणि उगाच वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, तुमच्यासाठी फार प्रयत्न केले मी. ती म्हणाली, नाही हो, तुम्ही खूप केलंत. पास तरी दिलात.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते: तुम्ही खूप केलंत.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ती म्हणाली, फ्रेम एका बाजूला कलली होती, कडेचं नीट दिसत नसेल तुम्हाला. म्हणजे तो हात, बाक, सगळं चष्म्यामुळे! दुकानातून बाहेर पडताना इतकं मोकळं वाटलं की एक बस सोडून चालत आले.

निघताना मी दारापर्यंत पोचेतो तिने हात केला. मी परत केला की नाही, ते आता आठवत नाही.

७ एप्रिल, सोमवार

हात होता. चष्मा सरळ आहे.

म्हणून ठरवलं, आजच सोक्षमोक्ष लावायचा. वैज्ञानिक दृष्टिकोन. बॅच अर्ध्यात असताना हिशेबाची वही मिटली, कॉस्च्यूम घेतला, पडद्यामागे कपडे बदलले. मखमल पाठीला लागत होती, गार. मी पलीकडच्या बाजूने बाहेर आले.

चष्मा काढावा लागला. पाणी म्हणजे नुसता निळा धूर, त्यात टोप्यांचे ठिपके. पहिल्या पायरीवर उभी राहिले. घोट्यापर्यंतच. शिट्टीवाली ओरडली, अगंबाई, मॅडम! सगळ्या वळून बघायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मोठ्या ताई पलीकडून म्हणाल्या, उतर, उतर, घाबरू नकोस. मग शिट्टीवालीने नियमाप्रमाणे विचारलं, जोडी कोण तुमची?

मी म्हटलं, येतेच आहे.

कुणी हसलं नाही. निळी टोपी माझ्याकडे बघत होती, पण चेहरा काही मला दिसला नाही.

शिट्टी झाली. हात वर गेले. माझा हात मी वर केला नव्हता, तो खाली होता, मांडीजवळ. तो कुणीतरी धरला. घट्ट नाही. विचारल्यासारखा. बोटं लांब आणि गार, टोकांना खरखरीत, काच घासणाऱ्याची असतात तशी. आणि ती माझा हात हळूहळू वर नेऊ लागली.

मी तो सोडवून घेतला.

हे कुणाला दिसलं नाही. ताई म्हणाल्या, पाय घसरला का ग? मी हो म्हटलं.

८ एप्रिल, मंगळवार

शांतपणे विचार केला. बायकांच्या बॅचमध्ये जागृती पुरेशी झाली आहे. दोन्ही बाजू आपापलं बोलल्या, नियम शाबूत राहिला, पडदाही आहे. खरं काम सकाळच्या जनरल बॅचमध्ये आहे. तिथल्या पुरुषांमुळेच तर ती आमच्याकडे आली. मूळ तिकडे, आणि मी इकडे पानं पुसत बसले होते. पुरुषांसाठी एक व्याख्यानमाला आखायला हवी. विषय: बाई कुणाला म्हणायचं. उत्तर तोवर मिळेलच.

शिवाय तिथे जोडीची पद्धत नाही. उंच खुर्चीवर लाइफगार्ड बसतो, ज्याचा तो पोहतो आणि घरी जातो. मध्ये शिट्टी वाजत नाही. हात कुणी वर करत नाही.

बाबांना सांगितलं, बढतीसारखंच आहे. ते लगेच शेजारी सांगून आले. आत्याने दोरीवरचा कॉस्च्यूम काढून घडी करून माझ्या कपाटात ठेवला.

कामाची पाळी बदलून घेण्याचा अर्ज कालच दिला, कपडे बदलल्या बदलल्या, पाय ओले असतानाच. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. कारण विचारलं नाही.